मेलेल्या अर्थांचा डबा

कोशाच्या कचेरीत त्याला सगळे पंडित म्हणायचे, आणि त्यात कौतुक थोडं, चिडवणं जास्त होतं. बेचाळीस वर्षांचा झाला तरी चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवायचा. जेवता जेवता समोरच्याच्या बोलण्यातला एखादा शब्द धरून बसायचा आणि भाजी गार झाल्यावर शेजारच्याला विचारायचा, माझं जेवण झालं का हो? असा माणूस. इंग्रजी-मराठी कोशाचं काम सतरा वर्षं चाललं होतं आणि शेवटून चौथं अक्षर एकदाचं हाती आलं होतं. त्या अक्षरातला 'वॉक' पंडितच्या वाट्याला आला.

आता 'वॉक' म्हणजे काय? चालणं. शाळेत न गेलेलासुद्धा सांगेल. संपादकबाईंनी तीन दिवस दिले होते. पाच आठवडे झाले तरी पंडितच्या टेबलावर त्या शब्दाची कार्डं पसरलेलीच होती. मॉर्निंग वॉकला जाणं, कुत्र्याला फिरवून आणणं, सहज जिंकणं, रागानं निघून जाणं, एकेका अर्थाला एकेक कार्ड. तो एक उचलायचा, वाचायचा, परत ठेवायचा. लोक म्हणाले, पंडित म्हातारा व्हायला लागला. तसं काही नव्हतं. घरी मावशी चालत नव्हती आणि हा माणूस दिवसभर तोच शब्द हातात घेऊन बसत होता, दुसरं काय होणार.

ही मावशी म्हणजे त्याच्या आईची धाकटी बहीण. तो सहा वर्षांचा असताना आईवडील एकाच हिवाळ्यात गेले आणि मावशीनं त्याला घरी आणलं ते कायमचं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, एक पुरुष सांभाळतेय तेवढा पुरे, तोही अर्धवट. ती लोकरीच्या कारखान्यात कापड तुडवायला होती. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं, बोट घातलं तर आरपार जातं. तेच कोमट साबणाच्या पाण्यात तासन्‌तास तुडवलं की आटतं, दाट होतं, मग त्यात ऊब राहते. पुढे यंत्रं आली, तरी जाड ब्लँकेटांसाठी एक लाकडी हौद कारखान्यानं ठेवला होता. त्यात दोघी जणी समोरासमोर उभ्या राहून, दोन्ही बाजूंच्या दांड्यांना धरून, पायानं कापड तुडवायच्या. दारातून बघितलं की मावशी कायम डाव्या टोकाला, म्हणून सगळा कारखाना तिला डावी म्हणायचा. समोर तिची जोडीदारीण उजवी. एकतीस वर्षं मावशी त्या हौदात चालली आणि हौदाबाहेर कुठे गेली नाही, पण पंडित शाळेत गेला, कॉलेजात गेला, पार कोशाच्या कचेरीत जाऊन पोचला. तिच्या टाचा कायम फुगलेल्या आणि पांढऱ्याफटक असायच्या.

तुडवताना ताल चुकू नये म्हणून त्या दोघी मोजायच्या, एक, दोन, तीन, वळ. 'वळ' म्हटलं की दोघींनी पायानंच कापडाची घडी उलटी लोळवायची. पंडित आकडे तिथंच ऐकून शिकला. शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी मोजायला सांगितलं, तर यानं खणखणीत आवाजात मोजलं, एक, दोन, तीन, वळ. वर्ग हसला. तीननंतर चार कुठून आले हे त्याला आठवडाभर कळलं नव्हतं. मावशी ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची.

तर अशी ही बाई. एकतीस वर्षं साबणाच्या पाण्यात एकदा घसरली नाही, आणि निवृत्तीनंतर स्वयंपाकघरातल्या कोरड्या ठणठणीत फरशीवर पडली. पायाखाली पाणी नाही, तेल नाही, काही म्हणजे काही नाही. दूध उतू जातंय म्हणून वळली आणि पडली. डाव्या पायाचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसली, टाके निघाले, चार महिने उलटले. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून सांगितलं, हाड झकास जुळलंय, आता चाला. मावशी हो म्हणाली, घरी आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. तिथून पलंग आणि पलंगावरून खुर्ची, तेही पंडितच्या खांद्यावर सगळा भार टाकून. चालायला मदत म्हणून चार पायांचा वॉकर आणला होता, त्यावर ती टॉवेल वाळत घालायची.

मंगळवारी आणि शुक्रवारी व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. मावशी तिला व्यायामवाली म्हणायची. हाताला नेटकी, बोलायला गोड आणि कामात अजिबात गय न करणारी. ती कमरेला पट्टा बांधून मावशीला उभं करायची. मावशी उभीही राहायची. पण "आता एक पाय उचला" म्हटलं की मांडी थरथरायला लागायची, ओठ पांढरे पडायचे, आणि ती खाली बसून लगेच काहीतरी विनोद करायची.

"अगं, तुझे गुडघे दुखत असतील. तू बस, मी तुला बघते."

"मावशी, हसण्यावारी नेऊ नका."

"मग काय रडण्यावारी नेऊ?"

त्या शुक्रवारी व्यायामवालीनं पंडितला जिन्यात गाठलं आणि दार ओढून घेतलं. "काका, स्पष्ट सांगते. पायात काही दोष नाही. त्या घाबरल्यात. अजून तीन-चार आठवडे अशाच बसून राहिल्या तर मांडीतली ताकद जाईल. मग त्यांनी मनात आणलं तरी पाय साथ देणार नाही. कायमची खुर्ची."

"मी काय करू?"

"काय केलं म्हणजे त्यांना भीती वाटणार नाही, ते मला कळत नाहीये. तुम्ही त्यांना ओळखता." आणि ती पायऱ्या उतरून गेली. पंडित दार ढकलून आत गेला. शब्दांचे अर्थ विचारले असते तर त्यानं पन्नास सांगितले असते.

सोमवारी त्यानं कचेरीत व्युत्पत्तीचा जाडजूड ग्रंथ उघडला. 'वॉक' कुठून आला ते एकदा बघावं आणि शब्द हातावेगळा करावा, एवढाच विचार होता. वाचायला लागला आणि चष्मा पुसून परत वाचायला लागला. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द होता 'वेआल्कन', आणि त्याचा अर्थ चालणं नव्हताच. लोळणं, उलटंपालटं होणं, लाटांसारखं उसळणं, असा होता. मग इकडेतिकडे भटकणं झाला, आणि पायांनी चालणं हा अर्थ तर बराच नंतर येऊन बसला. मध्ये त्याला आणखी एक अर्थ होता. लोकरीचं ओलं कापड पायानं तुडवून दाट करणं. हे काम करणाऱ्याला वॉकर म्हणत, आणि वॉकर हे आडनाव त्यांच्यावरूनच पडलं.

पंडितनं ते कार्ड लिहिलं. सुरेख अक्षरात लिहिलं आणि संपादकबाईंपुढे ठेवलं.

संपादकबाई वाईट नव्हत्या बरं का. पण सतरा वर्षांत त्यांनी कोशाला लगाम घातला नसता तर तो 'बी' या अक्षरावरच मेला असता. त्यांच्या टेबलावर बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता आणि त्यावर त्यांच्याच हातची चिठ्ठी, 'मेलेले अर्थ'. कुणी वापरत नाही ते अर्थ कोशात नको, फेकून देववत नाहीत, म्हणून डबा. आणि कचेरीचा नियम असा की ज्यानं कार्ड लिहिलं त्यानंच ते स्वतःच्या हातानं डब्यात टाकायचं, म्हणजे पुढच्या वेळी लिहिताना विचार करील.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण पंडित, आज कोण पायानं कापड तुडवतं?"

उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं आणि तिथंच थांबलं. मावशी काय काम करायची हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं लपवलं होतं असं नाही, पण कधी सांगितलंही नव्हतं, आणि सतरा वर्षं न सांगितलेली गोष्ट एकदम कशी सांगायची हे त्याला सुचेना. तो "कुणी नाही" असं म्हणाला. झाकण उघडलं, कार्ड आत टाकलं, झाकण लावलं. मग जागेवर येऊन बसला, आणि संध्याकाळपर्यंत त्यानं एक ओळ लिहिली नाही.

घरी आल्यावर त्याला राहवेना. चहा मावशीच्या हातात दिला, समोर स्टूल ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. हजार वर्षांपूर्वीचं, लाटांचं, वॉकरचं. डब्याचंही सांगितलं.

मावशी पहिल्यांदा खूश झाली. "म्हणजे मी वॉकर? आणि या पठ्ठ्यानं," तिनं कोपऱ्यातल्या, टॉवेल वाळत घातलेल्या वॉकरकडे बोट केलं, "माझं नाव लावून घेतलंय होय?" मग कप खाली ठेवून तिनं विचारलं, "मेलेला अर्थ म्हणजे काय रे?"

"आता तो कुणी वापरत नाही."

"मी तीस वर्षं काय करत होते मग?"

"एकतीस."

"एकतीस. मोजता येतं तुला आता." ती हसली नाही. "आणि तू टाकलास डब्यात. तुझ्या हातानं."

पंडितनं मान खाली घातली. त्याला वाटलं आता ती चांगली झापणार, आणि झापली असती तर बरंच वाटलं असतं. पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. साडीखालून तिची पावलं दिसत होती आणि ती त्यांच्याकडेच बघत होती.

"ते लोक जोडीनं तुडवायचे की एकेकटे?"

"ग्रंथात लिहिलेलं नाही."

"लिहिणाऱ्यानं कधी तुडवलं नसणार. जोडीशिवाय होतच नाही ते." मग ती म्हणाली, "तुला सांगू का? लोकर पायाला धरते. पाय टाकला की ती खालून सांगते, आहे मी, टाक भार. ही फरशी काहीच सांगत नाही रे. पाय उचलला की मला वाटतं, खाली आता काही असणारच नाही." चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं हे विनोद न करता सांगितलं. तिचा हात साडीचा काठ चुरगळत होता.

पंडितला एकदम काहीतरी सुचलं आणि ते इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचीच चीड आली. "मावशी, हौदात उभी राहशील?"

"उजवी कुठाय आता?" उजवीला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"उजवीकडे मी राहीन."

"तू? कोरड्या रस्त्यावर तुझी चप्पल निसटते." पण नाही असं ती म्हणाली नाही, आणि तिला ओळखणाऱ्याला तेवढं पुरेसं होतं.

व्यायामवालीनं मात्र सरळ विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना? खुबा मोडलेली सत्तरीची बाई साबणाच्या पाण्यात? पण ती मुलगी नुसतं नाही म्हणून थांबणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी स्वतः कारखान्यात जाऊन हौद बघून आली. दोन्ही बाजूंना हाताला येतील असे पक्के दांडे, खाली चार पदरी जाड कापड, पाणी घोट्याच्या वर नाही, हौदाला चढायला-उतरायला दोन बुटक्या पायऱ्या. "आमच्याकडेही असेच दांडे असतात," ती म्हणाली. "फक्त आमच्याकडे पायाखाली त्यांच्या ओळखीचं काही नसतं. चला. पण पट्टा माझ्या हातात राहील, आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं." पंडितला तिचे आभार कसे मानावेत कळेना, म्हणून त्यानं तिला 'आभार' शब्दाची व्युत्पत्ती सांगायला सुरुवात केली, आणि तिनं हात जोडून त्याला थांबवलं.

सुट्टी मागायला तो संपादकबाईंकडे गेला. कशासाठी, त्यांनी विचारलं. या वेळी तो अडखळला नाही. "मावशीला घेऊन कापड तुडवायला जायचंय. ती एकतीस वर्षं ते काम करत होती. त्यावर मी शिकलो." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. डब्याकडेही एकदा बघितलं. त्यानं अर्धा दिवस मागितला होता, त्यांनी पूर्ण दिवस लिहिला आणि रजेचा कागद त्याच्याकडे सरकवला.

गुरुवारी सकाळी दहाला ते कारखान्यात पोचले. मागांची खोली ओलांडली की मागच्या बाजूला हौदाची खोली. वर काचेची कौलं, त्यातून खाली पडणारा स्वच्छ उजेड, ओल्या लोकरीचा आणि साबणाचा वास. म्हातारे मुकादम स्वतः उभे होते. हौदाचं काम आता महिन्यातून एकदा-दोनदाच निघायचं, तरी त्यांनी तो मोडू दिला नव्हता. आज त्यांनी पाणी कोमट करून ठेवलं होतं, साबण घातला होता, कापड अंथरलं होतं.

"ये डावी," ते म्हणाले. "उशीर केलास. बरीच वर्षं."

"गाडी चुकली, मुकादम," मावशी म्हणाली.

व्यायामवालीनं आणि मुकादमांनी तिला दोन्ही बाजूंनी धरून पायऱ्यांवरून हौदात उतरवलं. समोरच्या टोकाला पंडित, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चष्मा दोऱ्याला लटकत. मावशीचे दोन्ही पाय ओल्या लोकरीवर टेकले आणि ती बघत राहिली. पायाची बोटं आवळली, सोडली, परत आवळली. खाली काय आहे ते ती विचारून घेत होती. मग तिनं दांडे पकडले.

"एक," ती म्हणाली, आणि डावा पाय उचलला.

व्यायामवालीच्या हातातला पट्टा ताणला गेला. पाय खाली आला, लोकरीत रुतला, पाणी फसकन बाहेर आलं. "दोन." उजवा. "तीन." परत डावा, मोडलेला तोच. "वळ. अरे वळ म्हटलं ना, कापड ओढ तिकडून. बघत काय बसलास."

पंडितला काही सुचत नव्हतं. तो एकच्या जागी दोन करत होता, वळच्या जागी एक करत होता, आणि एकदा तर स्वतःच सपशेल बसला, पार कमरेपर्यंत भिजला. मावशी दांड्याला धरून इतकी हसली की व्यायामवालीला थांबा म्हणावं लागलं. मुकादमांनी स्टूल दिलं, मावशी पाच मिनिटं टेकली, आणि कुणी न सांगता परत उभी राहिली. आता तिचे पाय आपोआप पडत होते, सावकाश, एकामागून एक. एक, दोन, तीन, वळ. लोळवणं, उलटवणं, तुडवणं. ग्रंथात वाचलेलं सगळं पंडितच्या समोर चाललं होतं आणि हजार वर्षांत त्यात काही मेलेलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. आपण काय टाकून आलो त्या डब्यात, हे त्याला आत्ता नीट कळलं.

कापड झालं की उजेडाकडे धरून बघायचं, प्रकाश आरपार आला नाही म्हणजे झालं. एवढ्याशा वेळात ते कुठलं व्हायला, पण मुकादमांनी कोपरा वर धरला, बघितला आणि "चालेल" म्हणाले. खोटं बोलले. सगळ्यांनी ते खरं मानून घेतलं.

मावशीला बाहेर काढून भिंतीजवळच्या बाकावर बसवलं. व्यायामवाली खूश होती, पण ती कामात गय करणारी नव्हती हे आधी सांगितलंच आहे. "झकास झालं," ती पंडितला हळूच म्हणाली. "पण दांडा सोडून, कोरड्या जमिनीवर एक पाऊल टाकल्याशिवाय मी याला चालणं म्हणणार नाही." पंडितनं मान हलवली.

आता राहिलं होतं पाय धुणं. त्या खोलीत एक रीत होती आणि ती कधी कुणी मोडली नव्हती. साबण बोटांच्या बेचक्यात राहतो, चटका देतो, कातडं सोलवटतं, आणि तो स्वतःचा स्वतःला दिसत नाही. म्हणून तुडवून झालं की जोडीदारानं जोडीदाराच्या पायावर कोमट पाणी ओतायचं. स्वतःचं स्वतः ओतायचं नाही आणि तिसऱ्यानंही ओतायचं नाही. आभार वगैरे तिथं कुणी मानत नसे, पाणी ओतलं की झालं. मावशी आणि उजवी एकदा आठवडाभर भांडल्या होत्या, एकमेकींशी अवाक्षर बोलत नव्हत्या, तरी रोज एकमेकींच्या पायावर पाणी मात्र ओतत होत्या.

पंडित शेगडीजवळच्या बादलीतून जग भरून घेऊन आला, गुडघे टेकून खाली बसला आणि मावशीच्या पायावर पाणी ओतायला लागला. टाचेवर, घोट्यावर, बोटांच्या बेचक्यात. लहानपणापासून बघितलेले हे पाय त्यानं कधी हातात घेतले नव्हते. त्याला राहवलं नाही. "मावशी, मी जो काही आहे तो या पायांमुळे आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही."

"बेचक्यात नीट ओत," मावशी म्हणाली. पण तिनं त्याच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी संपेपर्यंत काढला नाही.

मग तो उठून तिच्या शेजारी बाकावर बसला. त्याची नाजूक पावलं, आयुष्यभर टेबलाखाली ठेवलेली, साबणानं लालेलाल झाली होती आणि सणसणत होती. मुकादमांनी रिकामा जग उचलला, भरून आणायला शेगडीकडे गेले आणि भरलेला जग घेऊन वळले.

"मुकादम, ठेवा तो."

"अगं, पाय बघ त्याचे, भाजलेत."

"जोडीदार कोण त्याचा? तुम्ही?"

मुकादमांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा व्यायामवालीकडे, आणि जग शेगडीजवळच्या कट्ट्यावर ठेवून दिला. बाकापासून तिथपर्यंत असेल सहा पावलांचं अंतर. मध्ये काही नव्हतं. दांडे नाहीत, लोकर नाही, नुसती कोरडी दगडी फरशी.

"मावशी, राहू दे," पंडित म्हणाला. "इतकं काही चुरचुरत नाही."

"खोटं बोलू नकोस. मला ठाऊक आहे किती चुरचुरतं ते."

ती बाकाला रेटा देऊन उभी राहिली. व्यायामवाली पट्ट्याला हात घालायला झेपावली, आणि मग तिनं स्वतःचाच हात आवरला, पट्ट्यापासून वीतभर अंतरावर धरून ठेवला. मावशीची मांडी थरथरत होती. ती फरशीकडे बघतही नव्हती. बघत होती पंडितच्या लाल पावलांकडे, आणि मग त्या जगाकडे.

"एक," ती पुटपुटली.

पाऊल पडलं. फरशीनं काही सांगितलं नाही, पण ती होती. दोन. तीन. तिथं ती क्षणभर अडली. 'वळ' म्हणायचं ठिकाण आलं होतं आणि वळायचं तर नव्हतं. मग पंडितनं, शाळेत आठवडाभर न सापडलेला आकडा तिला दिला. "चार," तो म्हणाला.

"चार," मावशी म्हणाली. "पाच. सहा."

तिनं जग घेतला. अर्धं पाणी बादलीत परत ओतलं, कारण ती धाडसी होती, मूर्ख नव्हती. एका हातानं भिंत धरत ती परत आली, आणि येताना तिनं मोजलंही नाही. व्यायामवालीनं तोंड दुसरीकडे फिरवून डोळे पुसले आणि नोंदवहीत काहीतरी लिहायला घेतलं, तर पेनचं टोपण काढायचंच राहिलं होतं. मुकादम कापडाची घडी घालत होते, तिसऱ्यांदा तीच.

मावशी पंडितसमोर येऊन उभी राहिली. वाकता येणार नव्हतं, म्हणून उभ्यानंच तिनं वरून धार धरली. पाणी त्याच्या टाचेवर पडलं, बेचक्यात गेलं, चुरचुर थांबली. पंडित रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"उद्या कचेरीत गेलास," मावशी म्हणाली, "की त्या डब्यातून मला बाहेर काढ."

"काढतो."

"हं. दुसरा पाय पुढे कर." त्यानं केला, आणि तिनं त्यावर पाणी ओतलं.